संचालक मंडळ बदल घडवतं की नुसते काजू खातं?

अंबडकर: काल इथे फोरमवर एकानं ठोकून दिलं, ‘बदल घडवणं एमडीचं (व्यवस्थापकीय संचालकाचं) काम, बोर्डानं मंजुरी द्यावी आणि गप्प बसावं.’ वाचून डोक्यात तिडीक गेली. आमच्या कारखान्यात ईआरपी (माल, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारी संगणक सिस्टीम) आणायचा ठराव बोर्डानं मुंबईत बसून एका बैठकीत केला. गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम चालू कधी? ऐन मार्च एंडला! रॅकवर माल, सिस्टीममध्ये शून्य. आठ दिवस डिस्पॅच ठप्प. ‘स्टोअरवाल्यांना शिकवलंत का?’ एवढं एकानं तरी विचारायचं! कायद्यानं वर्षाला किमान 4 बैठका, मधे 120 दिवसांपर्यंत अंतर चालतं. तोवर इकडे वाटोळं.

सिडकोचा सीएस (कंपनी सेक्रेटरी): मग काय बोर्डानं येऊन नटबोल्ट मोजायचे? ती चूक तुमच्या प्लँट हेडची. बोर्डाचं काम माणूस नेमणं, त्याला जाब विचारणं, नाहीच जमलं तर काढणं. टाटा सन्सच्या बोर्डानं 2016 मध्ये थेट अध्यक्षच हटवला. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो निर्णय उचलून धरला.

अंबडकर: खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणजे कंपनी बदलली का? आणि जाब विचारण्याचं म्हणाल, तर सत्यम ही आयटी कंपनी आठवा. डिसेंबर 2008 मध्ये अध्यक्ष राजूंच्या घरच्याच मायटास कंपन्या विकत घ्यायला बोर्डानं मान डोलावली. भागधारक भडकले तेव्हा माघार. जानेवारी 2009 मध्ये राजूंनी स्वतःच हिशेबातला घोटाळा कबूल केला. बोर्डात नावाजलेले प्राध्यापक होते म्हणे!

दिंडोरीचा बागाईतदार: तुमचे संचालक निदान लांब तरी असतात. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सगळे भाऊबंदच. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. द्राक्षांच्या प्रतवारीची ग्रेडिंग लाइन घ्यायची ठरली, तर दोन हंगाम पॅकहाउस कुणाच्या शिवारात यावरच गेले. शेवटी अध्यक्षांच्या साडूची जागा!

निफाडचा: दिंडोरीकरांनी तर बोलूच नये. पिंपळगावात हायवेला लागून जागा मिळत होती. कंटेनर सरळ मुंबईला. तुमच्या रस्त्यानं मण्यांचा रस होतो.

दिंडोरीचा बागाईतदार: आमच्या रस्त्यावर बोलू नका. छाटणीच्या वेळी मजूर आमच्याचकडून पळवता ना?

निफाडचा: दोन पैसे जास्त देतो, म्हणून येतात. तुमच्या बोर्डाला सांगा, मजुरी वाढवा!

सिडकोचा सीएस: एक मत असलं तरी कायद्यानं 5 ते 15 संचालक आणि ते तुम्हीच निवडता. साडूची जागा ठरली तेव्हा सर्वसाधारण सभेत हात कुणी वर केला?

दिंडोरीचा बागाईतदार: …जेवण चांगलं होतं.

अंबडकर: अहो, धागा द्राक्षांचा नाही!

सिडकोचा सीएस: बरं बाबा, मार्च एंडची तारीख मंजूर करणारं बोर्ड झोपलं होतं. घ्या, लिहून देतो, स्टँपपेपरवर. पण आठ दिवस तुम्ही काय केलंत? सिस्टीमला शिव्या?

अंबडकर: त्याही दिल्या. नवव्या दिवशी जुनी चलनाची वही काढली आणि गाड्या सोडल्या. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात आलं, ‘ईआरपी यशस्वीरीत्या कार्यान्वित.’ वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ऑडिटर अजून तीच मागतो.