हिरोशिमा आणि मियाजिमा एकाच दिवसात : अशी सहल करावी का?

पाऊलवाट (धागालेखक)

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे पुण्याहून जपानला गेलो होतो. सकाळी ओसाकाहून निघायचे, हिरोशिमाचे शांतिस्मारक आणि मियाजिमा बेटावरचे इत्सुकुशिमा मंदिर पाहायचे आणि रात्री परत यायचे, अशी मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल आम्ही घेतली. व्यवस्थेला नावे ठेवायला जागा नव्हती. गाड्या वेळेवर होत्या, मार्गदर्शक बाई अभ्यासू होत्या आणि आमच्या आईसाठी मासळी नसलेले जेवणही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. तरीही परतीच्या शिन्कान्सेनमध्ये (जपानच्या अतिवेगवान रेल्वेत) बसल्यापासून एक रुखरुख लागली आहे. या दोन जागा एका तिकिटावर, एका दिवसात दाखवणे मुळातच अनुचित आहे, असे माझे मत झाले आहे.

आमचा दिवस सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. साडेनऊच्या सुमारास आम्ही अणुबॉम्ब घुमटासमोर उभे होतो. यान लेत्सेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेली ही प्रदर्शनाची इमारत 1915 सालची. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी बॉम्ब जवळजवळ तिच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. दाब वरून सरळ खाली आला म्हणून काही भिंती आणि घुमटाचा लोखंडी सांगाडा उभा राहिला. आतले माणूस मात्र एकही वाचले नाही. त्यानंतर संग्रहालय. मार्गदर्शक बाईंनी दारातच सांगितले, "आत मी बोलणार नाही, सव्वा तासाने बाहेर भेटू." हे त्यांचे मौन मला फार योग्य वाटले, पण सव्वा तास? पावणेचार वर्षे ओलांडलेल्या एका मुलाची तीनचाकी सायकल तिथे ठेवली आहे. वडिलांनी ती मुलासोबत अंगणात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी मुलाच्या अस्थी कबरीत हलवताना ती बाहेर काढून संग्रहालयाला दिली. त्या काचेसमोर मी किती वेळ होतो ते मला आठवत नाही. घड्याळाकडे पाहिले तेव्हा पंधरा मिनिटे उरली होती आणि अर्धे दालन बाकी होते.

दीड वाजता आम्ही बोटीत होतो आणि दोन वाजता हरणांचे फोटो काढत होतो. मेपलच्या पानाच्या आकाराचा गोड मोमिजी मांजू खाताना धाकट्या मुलीने विचारले, "आपण आता हसलो तर चालेल ना?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. हिरोशिमाला एक पूर्ण दिवस द्यावा, तोही मार्गदर्शकाविना, आणि बेट दुसऱ्या दिवशी पाहावे. ते जमत नसेल तर दोहोंपैकी एकच पाहावे. आपणा सर्वांचे मत काय?

खाडीपलीकडचा

आपली रुखरुख समजते, पण निष्कर्ष पटला नाही. तक्रार वेळेच्या वाटणीची आहे आणि शिक्षा मात्र आपण दोन जागांच्या एकत्र येण्याला देत आहात.

या दोन्ही वास्तूंची जागतिक वारशाच्या यादीत नोंद 1996 साली एकाच बैठकीत झाली. तो योगायोग म्हणून सोडून देऊ. पण शांतिस्मारकाच्या उद्यानात जी ज्योत 1964 पासून तेवते आहे, जगातले शेवटचे अण्वस्त्र नाहीसे होईपर्यंत जी विझवायची नाही असे ठरले आहे, तिच्यासाठी आणलेल्या अग्नींपैकी एक मियाजिमाच्या मिसेन डोंगरावरच्या अखंड अग्नीतून आला होता. कुकाई या बौद्ध आचार्यांनी 806 साली तो पेटवला, अशी परंपरा आहे. म्हणजे शहराने आपल्या मृतांसाठी दिवा लावताना ज्या बेटाकडे हात पसरला, त्या बेटाला आपण केवळ हरणे आणि खाऊ समजत आहात.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. संपूर्ण बेटच देवस्वरूप मानले गेल्यामुळे तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही वर्ज्य होते. दिवस भरत आलेल्या स्त्रीला समुद्र ओलांडून पलीकडे नेत, प्रेतही पलीकडेच नेत. आजही बेटावर स्मशान नाही. मंदिर पाण्यात खांबांवर बांधण्याचे कारणही हेच सांगतात, की पवित्र भूमीला कुदळ लागू नये. ज्या शहरात 1945 साल संपेपर्यंत सुमारे 1,40,000 माणसे मेली, तिथून निघून तीन-चार तासांत मृत्यूला मज्जाव असलेल्या भूमीवर पाय ठेवणे, हा अनुभव दोन वेगळ्या दिवसांत तुटक होतो. मी गेली नऊ वर्षे कोबेत राहतो आणि पाहुण्यांना घेऊन हा फेरा बऱ्याचदा केला आहे. एकाच दिवशी केला, तेव्हाच तो मला पुरता भिडला.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर "हो, चालेल" असे आहे. तिथले लोकही हसतात. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, त्या शहरातली ट्राम काही अंतरापुरती पुन्हा धावू लागली होती.

जुने दप्तर

आपण दोघेही तासांचा हिशेब करीत आहात. माझा आक्षेप सहल कोणत्या क्षणी सुरू होते, याला आहे. या सहलींतले हिरोशिमा 8 वाजून 15 मिनिटांनी जन्माला येते. त्याआधी जणू तिथे काही नव्हतेच.

1894 साली चीनशी युद्ध सुरू झाल्यावर जपानचे शाही लष्करी मुख्यालय हिरोशिमाच्या किल्ल्यात हलवले गेले, सम्राट मेइजी स्वतः तिथे येऊन राहिले आणि संसदेचे अधिवेशनही तिथेच भरले. उजिना बंदरातून पुढची पन्नास वर्षे सैन्य आशिया खंडात उतरत राहिले. बेटेच पाहायची असतील तर याच प्रांतात ओकुनोशिमा आहे. तिथे 1929 पासून युद्ध संपेपर्यंत विषारी वायू तयार होत होता आणि तो चीनमध्ये वापरला गेला. आज तिथे पर्यटक सशांना चारा घालायला जातात. विषारी वायूचे एक लहान संग्रहालयही त्या बेटावर आहे, पण सशांपुढे त्याचे काय चालणार!

ज्या चीनमध्ये हे घडत होते, तिथेच 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले होते आणि त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 साली तिथेच वारले. सोलापूरच्या माणसाने हिरोशिमाला जावे, घुमटासमोर हात जोडावेत, आणि कोटणीस ज्या युद्धातल्या जखमींवर उपचार करीत होते, त्याचा उल्लेखही दिवसभरात कानी पडू नये, हे मला खटकते. मृतांबद्दल शोक नको असे मी म्हणत नाही. सायकलवरच्या त्या मुलाने कुणाचे काय बिघडवले होते? पण शोक करताना इतिहास झाकून ठेवायचे कारण नाही.

कोरियन मृतांच्या स्मारकाचेच पाहा. हजारो कोरियन माणसे त्या दिवशी शहरात होती, त्यांतली कित्येक सक्तीच्या मजुरीसाठी आणलेली. त्यांचे स्मारक 1970 साली उभे राहिले, तेही उद्यानाबाहेर. आत यायला 1999 साल उजाडले. तुमच्या मार्गदर्शक बाईंनी ते दाखवले का? दाखवले नसेल, तर दोन दिवस राहूनही तुम्ही तेवढेच पाहिले असते.

पाऊलवाट (धागालेखक)

जुने दप्तर, ते स्मारक त्यांनी दाखवले. कासवाच्या पाठीवरचा दगडी स्तंभ, एवढेच सांगितले आणि आम्ही पुढे सरकलो. आपला मुद्दा मी मान्य करतो, पण तो माझ्या बाजूचा आहे. हे सारे सांगायला वेळ लागतो आणि दुपारची बोट गाठायची असली की सर्वांत आधी हेच गळते.

एक उदाहरण देतो. मुख्य स्मृतिशिळेवरच्या जपानी वाक्याचा अर्थ साधारण असा : "शांत झोपा, ती चूक पुन्हा करणार नाही." मूळ वाक्यात कर्ता नाही, इंग्रजी भाषांतरात मात्र "आम्ही" घालावे लागले आहे. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत देणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल 1952 साली तिथे गेले, तेव्हा त्यांनी नेमका यालाच आक्षेप घेतला : बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चूक कुणाची? शहराची भूमिका अशी, की हे वचन साऱ्या मानवजातीचे आहे. मराठीतही कर्ता गाळून ते वाक्य जसेच्या तसे म्हणता येते आणि त्यातली संदिग्धता टिकते, हे माझ्या लक्षात आले ते घरी परतल्यावर. तिथे त्या शिळेसमोर आम्हाला मिळाली सहा मिनिटे, त्यातली चार रांगेत गेली.

खाडीपलीकडचा, मिसेनच्या अग्नीची गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि ती कळल्याने बेटाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, हे प्रांजळपणे सांगतो. पण एका दिवसाच्या सहलीत त्या डोंगरावर कोण नेतो? दोरीवाटेने जाऊन, वर चढून परत यायचे तर निदान दोन तास हवेत. म्हणजे ज्या दुव्यावर आपले सारे म्हणणे उभे आहे, तोच या सहलीत वगळलेला असतो.

शिट्टी आणि झेंडा

मी मराठी गटांबरोबर सहलप्रमुख म्हणून जातो. या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात कोण आहे ते दिसतेच आहे, म्हणून दोन शब्द.

संग्रहालयाचा वेळ आम्ही कापत नाही, प्रवासी कापायला लावतात. दालनातून वीस मिनिटांत बाहेर येऊन "आता बेटावर लवकर निघू या" म्हणणारे प्रत्येक गटात असतात आणि त्यांना निर्दय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. काहींना ते सोसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आणि जपानी अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाला "मार्गदर्शकाविना जा, दोन दिवस राहा" असे सांगणे म्हणजे "जाऊ नका" असे सांगणे होय.

एक बदल मात्र शक्य आहे आणि तो मी दोनदा करून पाहिला आहे. क्रम उलटा करायचा. सकाळी बेट, दुपारनंतर संग्रहालय, आणि संध्याकाळी सगळ्यांना मोकळे सोडून घुमटासमोर नदीकाठी बसू द्यायचे. बेटावरून थेट शांतिस्मारकाजवळ आणून सोडणारी बोट आहे, पाऊण तासाची. अडचण भरती-ओहोटीची. 1875 साली उभारलेली, मंदिरासमोरच्या पाण्यातली ती सोळा मीटरहून उंच तोरिई, म्हणजे प्रवेशकमान, जमिनीत पुरलेली नाही, स्वतःच्या साधारण 60 टन वजनावर नुसती टेकलेली आहे, हे मी तिच्या खांबाला हात लावून दाखवतो. पण ते ओहोटीलाच जमते. निम्म्या लोकांना ती पाण्यात उभी हवी असते. सहलपत्रावरचा फोटो भरतीचा असतो ना!

जुने दप्तर यांच्या सूचनेबद्दल : कोटणीस आणि 1894 हे दोन्ही मी माझ्या टिपणात घेतले आहेत. ओकुनोशिमा एका दिवसात बसणार नाही.

खाडीपलीकडचा

मिसेनचा आक्षेप रास्त आहे. माझे म्हणणे मागे घेतो असे नाही, पण आक्षेप रास्त आहे. उलटा क्रम मला पूर्ण पटला. फक्त एक भर : बॉम्बमधून बचावलेल्या लोकांचे अनुभव त्यांच्या वतीने सांगणारे, संग्रहालयात प्रशिक्षित वारसदार असतात. हिरोशिमा शहराने 2012 साली हे प्रशिक्षण सुरू केले आणि ही व्याख्याने इंग्रजीतही होतात. झेंड्याच्या मागे चालणाऱ्या गटाने त्यातले एक ऐकले, तर मार्गदर्शकाला आणखी बोलावे लागणार नाही.

जुने दप्तर

वारसदारांना कोरियन मृतांबद्दल विचारा. काहीजण सविस्तर सांगतात. प्रश्न विचारणारा हवा.

शिट्टी आणि झेंडा

नोव्हेंबरच्या गटाला आज उलटा क्रम कळवला, शेवटी इंग्रजी व्याख्यानासह. अठरा जणांपैकी अकरा जणांची उत्तरे आली आहेत. नऊ जणांची हरकत नाही. एका काकूंनी विचारले आहे, संध्याकाळी नदीकाठी थंडी किती असते. आणि एका गृहस्थांना भरतीची वेळ हवी आहे.