पॅरिस करारातलं 'शुड' मराठीत कसं आणायचं?

शब्दवेल्हाळ: हवामान बदलावरच्या पॅरिस कराराचा अनुवाद करतेय. कलम ४ मध्ये बंधनाच्या जागी 'शॅल' आहे. पण चौथ्या परिच्छेदात, विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढे राहण्याबद्दल, नेमकं 'शुड'! चुकून झालंय का? आणि माझी खरी गोची अशी: 'शॅल'ला 'करील' जमतं. 'शुड'ला 'करावे' लिहिलं तर सरकारी मराठीत 'करावे' म्हणजे हुकूमच की.

जुनाट: चूक 'शॅल'ची होती, निदान अधिकृतपणे तरी! १२ डिसेंबर २०१५ ला आलेल्या शेवटच्या मसुद्यात तिथे 'शॅल' छापलेलं होतं. अमेरिकेने हरकत घेतली, सभा ताटकळली. मग सचिवालयाने किरकोळ दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्यातच हीही उरकली. परिषदेचे अध्यक्ष फाबियुस यांनी लगेच मंजुरीचा हातोडा आपटला.

मेख अशी की 'शॅल'मुळे बंधनकारक उद्दिष्ट आलं तर करार अमेरिकेच्या सिनेटकडे न्यावा लागला असता, आणि तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. जुलै १९९७ मध्ये, क्योटो हा जुना हवामान करार होण्याआधीच, त्याच सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं होतं: विकसनशील देशांवर बंधन नसेल तर सही करू नका. क्लिंटन सरकारने १९९८ मध्ये सही केली खरी, पण क्योटो सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही. ओबामांना तो रस्ता पुन्हा नको होता.

कुंपणावरचा: म्हणजे एका शब्दासाठी करार पातळ केला.

जुनाट: पातळ म्हणा, पण नाहीतर अमेरिका आलीच नसती. किंमत मात्र मोजली. अध्यक्षाच्या सहीने आलेलं पुढच्याच्या सहीने जातं. २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. आणि शब्दांची ओढाताण एकट्या अमेरिकेची नाही हो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा 'बंद करत नेणे'चं 'कमी करत नेणे' झालं, ते भारताने वाचून दाखवलं.

शब्दवेल्हाळ: मग 'पुढाकार चालू ठेवणे अपेक्षित आहे' कसं वाटतं?

कुंपणावरचा: 'अपेक्षित आहे'ला आमच्या कार्यालयात कोणी भीक घालत नाही.

जुनाट: मग तेच लिहा.