प्रति: नेव्हीतल्या भावाची कंबर, कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके-सांधे दाबून, हलवून उपचार करणाऱ्याकडे) न्यावं का?

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, अमेरिकेत सैन्यातल्याच ७५० जणांवर ट्रायल झालीय, २०१८ मध्ये छापून आली, अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला ६ आठवडे कायरोप्रॅक्टिक, तर जोडीवाल्यांची कंबर जास्त सुधारली. पण जोडीला हं, औषधं फिजिओ सोडून नाही! शिवाय आपल्याला काय मिळतंय हे पेशंटना माहीत होतं, त्याचाही थोडा परिणाम असणारच. भावाला आधी कुलाब्याला अश्विनीत, म्हणजे नेव्हीच्याच हॉस्पिटलात दाखवा, आणि स्टेशनबाहेरच्या मालिशवाल्याकडून कंबर अजिबात मोडून घेऊ देऊ नका प्लीज. पाय बधिर पडले किंवा लघवीवरचा कंट्रोल गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही.