मदत हवी आहे: भंगारातल्या अल्टरनेटरची पवनचक्की, फेरे कमी पडतायत

राम राम मंडळी. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठाराजवळ राहतो. समोर कंपन्यांच्या पवनचक्क्या दिमाखात फिरतात आणि आमची लाइट आषाढात हमखास जाते! म्हणून भंगारातून गाडीचा जुना अल्टरनेटर (गाडीची बॅटरी भरणारा जनरेटर) आणला, सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून तीन पाती कापली, शेपटीला तेलाच्या डब्याचा पत्रा लावला.

पाती झकास फिरतात, पण मिनिटाला तीनशेच्या आसपास. अल्टरनेटरला चार्जिंग धरायला हजारभर फेरे लागतात. वर फील्ड कॉइल (आतलं चुंबकत्व तयार करणारी तारेची गुंडाळी) बॅटरीतूनच करंट खाते, म्हणजे मंद वाऱ्यात बॅटरी भरायची सोडून उतरतेच. आता पुली-बेल्ट लावून फेरे वाढवू, की फील्ड कॉइल काढून रोटरवर (फिरणाऱ्या भागावर) निओडिमियमची जोरदार कायम चुंबकं बसवू? स्टेटर (वीज निघते तो स्थिर भाग) बारीक तारेने जास्त वेढे देऊन भरला तर व्होल्टेज लवकर येईल, अँपिअर घटतील, इतपत कळतंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, बेल्टमध्ये ताकद फार वाया जाते का?

दुसरं, वारा दुप्पट झाला की ताकद आठपट होते. वादळात पाती आवरायची कशी? चुंबकाच्या रोटरला तिन्ही फेज (स्टेटरच्या तीन तारा) शॉर्ट केले, म्हणजे एकमेकांना जोडले, की ब्रेक लागतो म्हणे. भर वाऱ्यात वाइंडिंग जळणार नाही ना? आणि खांब बांबूचा चालेल की लोखंडी पाइपच हवा? घरच्यांचा बांबूवर काडीचा भरवसा नाही.