भाषा कुणी विचारलीच नाही
तुर्क युरोपियन की आशियाई या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की तुर्कस्तानचा जेमतेम 3 टक्के भाग युरोपात, मग तुर्कांनी स्वतःला युरोपियन म्हणवून घ्यायचं कारणच काय. नकाशापुरतं ठीक आहे, पण तुर्क कोण हे युरोप-आशियाला वेगळं करणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या कुठल्या काठावर राहता यावरून कधी ठरलंच नाही. 1923 ची ग्रीस-तुर्कस्तानमधली लोकसंख्येची अदलाबदल इथे कुणी काढली नाही म्हणून लिहितोय. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीसशी करार झाला आणि, आधीच पळून गेलेले धरून, साधारण 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसचे आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानचे, असं निव्वळ धर्म बघून ठरवलं.

मध्य तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियातले करामानली ख्रिश्चन घरात तुर्कीच बोलायचे, ती ग्रीक लिपीत लिहायचे, थडग्यांवरसुद्धा तसंच कोरलेलं, तरी त्यांना उचलून ग्रीसला धाडलं, आणि क्रीट या ग्रीक बेटावरचे मुसलमान, ज्यांची मायबोली ग्रीक, ते तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आयवालिकला येऊन पडले. पुढे 1928 मध्ये 'नागरिका, तुर्की बोल' मोहीम निघाली तेव्हा या क्रीटहून आलेल्या बिचाऱ्यांना घरातली भाषा रस्त्यावर बोलायची चोरी झाली. स्वतःला सेक्युलर म्हणवणाऱ्या प्रजासत्ताकाच्या पायातच हे आहे, आणि युरोप की आशिया या वादात नेमकं तेच राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं.