अनुभव धागा: टेनिस-बॉल स्पर्धेत सट्टा शिरू नये म्हणून काय करता?

गावोगावच्या टेनिस-बॉल स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, आणि लाइव्ह आलं की मागोमाग सट्ट्याचे भाव फुटतात. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. गोष्टी नकोत, कृती हवी.

आयोजक
सुरुवात प्रवेशअर्जापासून. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मॅच-फिक्सिंग म्हणजे कलम ४२० ची फसवणूक नव्हे असं म्हटलं. शिस्तभंगाची कारवाई क्रिकेट मंडळाने करायची. म्हणजे आपले नियम लेखी नसतील तर आपण काहीच करू शकत नाही. अर्जावर लिहा: स्वतःच्या स्पर्धेवर पैज नाही, संघात कोण खेळणार ते आधी बाहेर सांगायचं नाही, कुणी विचारणा केली तर त्याच दिवशी कळवायचं. सही प्रत्येक खेळाडूची घ्या, एकट्या कप्तानाची नको.

बॅनर कुठे लागेल ते न विचारता फक्त कॅमेरे किती ते विचारणाऱ्या प्रायोजकाला लांबूनच नमस्कार. २०२२ मध्ये गुजरातेत मोलिपूरच्या शेतात खोटी ‘आयपीएल’ अशीच भरली होती: खेळायला मजूर, पाच कॅमेरे, आणि पैसे लावणारे रशियात.

स्कोअरर
खरा खेळ सेकंदांचा आहे. यूट्यूबचं चित्र मैदानाच्या मागे असतं. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या ‘अॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये स्ट्रीम डिले देऊन ते आणखी मागे नेता येतं. पडद्यावर बघून भाव देणाऱ्या बुकीची, म्हणजे सट्टा घेणाऱ्याची, मग पंचाईत होते. पण स्कोअरच्या अॅपवर चेंडूगणिक धावा पडत असतील तर डिलेचा उपयोग शून्य! म्हणून आधी कागदावर मांडा, षटक संपलं की अॅपमध्ये भरा. डिले वाढला की बुकी मैदानात माणूस बसवतो, हेही धरून चला. कानाला फोन, प्रत्येक चेंडूनंतर दोन शब्द, टाळी मात्र एकदाही नाही, असा कुणी दिसला की स्वयंसेवकाला सांगा.

पंच
निकाल क्वचितच विकला जातो. विकलं जातं ‘सेशन’, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावा. संशय आला तर षटक, चेंडू, वेळ टिपा. जाब विचारू नका. हातभर पुढे पडलेला एक नो-बॉल दमल्यानेही पडतो; तोच गोलंदाज, तसंच षटक, दोन सामन्यांत आलं तर मात्र टिपण समितीकडे द्या.

संघ-व्यवस्थापक
सुरुवात भेट म्हणून आलेल्या बुटांच्या जोडीने होते, “भाऊ, एकच वाइड” हे नंतर. मेसेज आला तर उत्तर नको, डिलीटही नको. स्क्रीनशॉट काढून ठेवा. विचारणा लपवणं हाच गुन्हा मानतात: २०१९ मध्ये बांगलादेशचा क्रिकेटपटू शाकिब अल हसनवर त्यासाठीच बंदी आली होती, दोन वर्षांची, त्यातलं एक स्थगित. आणि मानधन सामन्याच्याच रात्री यूपीआयने द्या. थकलेल्या पैशांची खबर बुकीला आधी लागते.