सेकंडहँड इलेक्ट्रिक कार आणि चोर्ला घाट: अनुभवी लोकांचा सल्ला हवा

मंडळी, मदत हवी आहे. ओळखीतून 2021 ची नेक्सॉन ईव्ही मिळतेय, 30.2 किलोवॅट-अवर बॅटरीची. कागदावरची रेंज 312 किमी. प्रत्यक्षात 200 मिळाली तरी गोव्यातल्या फोंडा-वेर्णा रोजच्या फेरीला पुरून उरेल. पेट्रोलचा खर्च नाही, क्लचची कटकट नाही, इंजिन ऑइल बदलणं नाही. इथवर माझं मत पक्कं आहे.

अडतंय ते बेळगावापाशी. बहीण तिकडे दिलेली, त्यामुळे पावसाळ्यातही चोर्ला घाटातून जाणं-येणं असतंच. चढणीला बॅटरी भराभर उतरते, परतीच्या उतारावर थोडी भरते, हे कळतं. पण भर पावसात एसी आणि वायपर चालू, चार माणसं, वर आईने दिलेले नारळ, असं लादून बेळगाव गाठेपर्यंत किती टक्के बॅटरी उरते? घाटाआधीच्या साखळी गावाच्या पुढे वाटेतल्या चार्जरवर भरवसा ठेवता येतो का?

दुसरं घरचं. चार्जिंग 15 अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर करणार, पण घर जुनं, अर्थिंगबद्दल शंकाच आहे. मीटरपासून वेगळी लाईन ओढून घेतलीत का कोणी? आणि पावसात रात्रभर वीज गेली तर काय करता?

बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी. मालक बदलल्यावर ती तशीच चालू राहते ना? बॅटरीची तब्येत कळायला विकणाऱ्याकडे नेमका कोणता रिपोर्ट मागू?

विकणारे गोडच बोलतात. तेव्हा वापरणाऱ्यांनी तोटे आधी लिहा.